शाळेचें दार आणि कामाचें दार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तरुण व त्यांचे पालक यांच्यापुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं पूर्वजांच्या पुण्याईचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु आज मी वेदीपुढें बसणाऱ्यांविषयीं नव्हे, तर मिस्सा चालू असतां दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुलांविषयीं बोलणार आहें. त्यांतील पुष्कळांची शाळा सुटली आहे आणि काम अद्याप लागलेलें नाहीं.

शुभवर्तमानांत बारा वर्षांचा येशू मंदिरांत शास्त्र्यांमध्यें दिसतो. त्यानंतर एकदम तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्याचें दर्शन घडतें. मधल्या काळाविषयीं शुभवर्तमानकार जवळजवळ मूक आहेत. एवढें मात्र समजतें कीं, तो आईबापांच्या आज्ञेंत राहिला आणि गांवचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. ज्या वयांत आपला मुलगा भिंतीला टेकून उभा आहे, त्या वयांत प्रभूच्या हातीं रंधा होता. आणि तो धरावयास शिकविणारा संत योसेफ शेजारीं होता.

आपल्या मुंबईंतही असे शेजारीं उभे राहणारे होते. 1856 सालीं ताडदेव येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढें परळ-लालबागेंत बाप मुलाला गिरणीच्या दाराशीं नेई, मुकादमाच्या ओळखीनें बदली कामगार म्हणून त्याचें नांव लावी. गोव्याहून जहाजावरील नोकरीसाठीं आलेला तरुण धोबीतलाव-गिरगांवाच्या आसपास आपल्या गांवच्या कुडांत उतरे. तेथें ट्रंक ठेवावयास जागा, संध्याकाळीं रोझरी आणि अनुभवी खलाशांचा सल्ला त्याला लाभे. या व्यवस्था निर्दोष नव्हत्या. मुकादम लाच खाई, बदलीवाल्यास रोज काम मिळेलच असें नसे. तथापि मुलगा एकटा नव्हता.

14 सप्टेंबर 1981 रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं आपल्या परिपत्रकांत, मनुष्याची थोरवी त्याच्या कामावरून ठरत नसून कामाची थोरवी तें करणाऱ्या मनुष्यामुळें ठरते, असें प्रतिपादन केलें. चारच महिन्यांनीं, 18 जानेवारी 1982 रोजीं, गिरणगांवांत सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि ज्या दाराशीं बाप मुलाला नेई तें दारच उरलें नाहीं. त्या घरांतील मुलें कोणी पहारेकरी झालीं, कोणी निरोपे. आज त्यांचीं मुलें दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोंचवितात.

आतां मला माझा एक अपराध सांगूं द्या. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलाची तात्पुरती नोकरी सुटली. घरीं सांगण्याची लाज वाटून तो सहा आठवडे रोज सकाळीं डबा घेऊन निघे, चौपाटीवर बसे, आणि संध्याकाळीं दमल्याचें सोंग करून परते. शेवटीं तो माझ्यापुढें येऊन रडला. मीं म्हटलें, "रडतोस काय? पुरुषासारखा वाग." तो उठून गेला, तो वर्षभर देवमंदिराकडे फिरकला नाहीं.

मागाहून मला उमगलें कीं, पुरुषासारखें वागावें म्हणूनच तर त्यानें तें सोंग केलें होतें! पुरुष म्हणजे कमावणारा, असें आपण त्याला लहानपणापासून पढविलें. मग कमाई गेली त्या दिवशीं त्याच्या मतें पुरुषपणही गेलें. बंधूंनो, संत योसेफ रातोरात सर्व टाकून मिसर देशीं निघाला, तेव्हां त्याच्या हातीं कोणतें काम होतें? तरी त्यानें पत्नीस व बाळास सांभाळलें. पुरुषार्थ तो हाच.

बेल्जममध्यें जोसेफ कार्डाइन नांवाचा मुलगा सेमिनरींत गेला. सुटीवर घरीं येतांच त्याला दिसलें कीं, शाळेंतले सोबती कारखान्यांत व खाणींत राबूं लागले असून आपल्याला परका मानतात. ती जखम तो विसरला नाहीं. धर्मगुरू झाल्यावर त्यानें 1925 सालीं तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली. पाहा, पारखा, करा, ही तिची रीत होती. मीही सेमिनरींतूनच आलों. पण त्या मुलाचें मीं पाहिलेंही नाहीं, पारखलेंही नाहीं, नुसता हुकूम सोडला.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त मी वर्गणी मागत नाहीं. आपल्यांत वायरमन आहेत, फिटर आहेत, छापखान्यांत, रेल्वेंत व जहाजांवर आयुष्य घालविलेले वडीलधारे आहेत. प्रत्येकानें एका मुलाचा हात धरावा. त्याला आपल्या कामाच्या जागीं न्यावें, अर्ज लिहावयास शेजारीं बसावें. आईबापांनो, रिकाम्या हातांनीं परतलेल्या मुलाला आधीं जेवूं घाला, प्रश्न मागाहून विचारा. आणि मुलांनो, काम सुटलें तर डबा घेऊन चौपाटीवर जाऊं नका, माझ्याकडे या. या वेळीं मी ऐकेन.

तो मुलगा पुढें परत आला. मीं त्याची क्षमा मागितली. आज तो येथेंच, मागच्या बांकावर बसला आहे.

नाझरेथच्या सुताराचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर राहो. आमेन.