आत्याबाईंच्या पावलानं घारापुरी

आम्ही दोघी जावा करमाडहून बोलतोय. तुमच्यासारख्याच आम्हीही बचत गटातल्या. मागच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही घरची नऊ माणसं मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर एका दिवसाच्या सहलीला गेलो होतो. गटाच्या बैठकीत त्याबद्दल बोललो, तर सगळ्या म्हणाल्या, हे रेडिओवर सांगा. म्हणून आलो.

नऊ माणसं म्हणजे आम्ही दोघी, आमचे दोघे मालक, चार लेकरं आणि आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास. सहलीचं ठरलं तेव्हा नऊ नव्हे, आठच नावं निघाली होती. आत्याबाई घरी राहणार, हे कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. दोन गायी, एक वासरू, कोंबड्या. कुणीतरी राहायला पाहिजेच. आणि आजवर प्रत्येक वेळी राहिल्या त्या आत्याबाईच. पंढरपूरला आम्ही गेलो, त्या घरी. पुतणीच्या लग्नाला नाशिकला गेलो, त्या घरी. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती गटातल्या एका मैत्रिणीमुळं. तिनं सहज विचारलं, "म्हातारीचं तिकीट काढलं का?" आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "तुमची जनावरं मी बघते. आम्ही तुळजापूरला जाऊ तेव्हा आमची तुम्ही बघा." एवढ्या एका वाक्यानं काम झालं. तेव्हापासून गटात आम्ही ही पाळीच लावली आहे. एकीनं जायचं, दुसरीनं तिचा गोठा सांभाळायचा.

पैशाचं म्हणाल, तर गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. सहलीचा डबा वेगळा ठेवला होता. दर आठवड्याला दोघींनी पन्नास-पन्नास रुपये टाकायचे. वर्षात पाच हजारावर जमले. बाकीचे मालकांनी कापसाच्या पैशातून घातले. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी केलं, म्हणून नऊ जणांना झोपायला जागा मिळाली.

शनिवारी संध्याकाळी करमाडहून संभाजीनगरला आलो आणि रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली. सकाळी मुंबईत उतरलो. स्टेशनवरच तोंडं धुतली, चहा घेतला आणि गेटवे ऑफ इंडियाला गेलो. घारापुरीच्या बोटी तिथूनच सुटतात. सकाळी नवाच्या सुमाराला पहिली बोट असते. एक ध्यानात ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही आधी सोमवारच धरला होता, गर्दी कमी असेल म्हणून. बरं झालं विचारून घेतलं.

बोटीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या अंगात तरंगायचं जाकीट घातलं. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती आणि माणसं बुडून गेली होती. त्यामुळं थोरल्यांनी आधीच सांगितलं होतं, जाकीट मिळाल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. आत्याबाईंचं लुगडं, त्यावर ते केशरी जाकीट. त्या म्हणाल्या, "आता पदर कुठून घेऊ?" सगळी बोट हसली. पदर राहिला तसाच खांद्यावर.

गेटवेपासून बेट दहा-अकरा किलोमीटर. बोटीला तासभर लागतो. आत्याबाई सगळा वेळ पाण्याकडं बघत होत्या. बेटाच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी धाकट्यांना खाली वाकून ओंजळभर पाणी आणायला लावलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् एक घोट पिण्यासारखा नाही. आपला टँकर बरा."

धक्का लांब आहे. त्यावरून लेकरांना आवडेल अशी छोटी गाडी धावते. गाडीतून उतरलं की पायऱ्या लागतात, सव्वाशेच्या आसपास. दोन्ही बाजूंनी दुकानं, वर ताडपत्री, त्यामुळं ऊन लागत नाही. लेकरं पळतच सुटली. त्यांच्यामागं त्यांचे बाप. आम्ही दोघी मधे. आणि आत्याबाई खाली.

चाळीसेक पायऱ्या झाल्या असतील. मागं वळून पाहिलं, तर त्या एका दुकानाच्या कडेला पायरीवर बसलेल्या. आम्ही खाली गेलो. म्हणाल्या, "मी बसते हितंच. तुम्ही या जाऊन. मी पिशव्या राखते."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही किती वर्षं ऐकत आलोय! जत्रेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात. आणि दरवेळी आम्ही "बरं" म्हणून पुढं गेलोय. त्या दिवशी आमची नजर त्यांच्या काखेकडं गेली. दशम्यांची पिशवी त्यांच्याकडं होती. पाण्याच्या दोन बाटल्या त्यांच्याकडं होत्या. आम्हा आठ जणांत धडधाकट माणसं इतकी, आणि ओझं गुडघे धरलेल्या म्हातारीकडं. कुणी मुद्दाम दिलं नव्हतं. त्यांनी सवयीनं उचललं होतं आणि आम्ही सवयीनं उचलू दिलं होतं.

थोरले वरून ओरडले, "अगं, उशीर होतोय, परतीची बोट चुकेल." खुर्चीच्या डोलीवाल्यांनी विचारलं, "आजींना वर नेऊ का?" तिथं तशी सोय आहे. आम्ही भाव विचारायला लागलो तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "नको माय. मेल्यावर चौघांच्या खांद्यावर जायचंच हाय, आज कशाला?"

मग आम्ही सगळ्यांना खाली बोलावलं. अगदी लेकरांनासुद्धा. पिशव्या मालकांच्या खांद्यावर दिल्या. धाकटीची पहिलीतली मुलगी आजीचं बोट धरून पुढं झाली. तिनं दहापर्यंत मोजायचं, दहा पायऱ्या झाल्या की सगळ्यांनी थांबायचं. आजीनं "चल" म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू. थोरल्यांची कुरकूर दोन थांब्यांपर्यंत चालली. तिसऱ्या थांब्याला तेही बसले आणि एका बाईकडून काकडी घेतली, मीठ-तिखट लावून.

ती बाई बेटावरचीच. तिच्याशी बोलणं झालं ते असं बसल्यामुळंच, पळत वर गेलो असतो तर झालं नसतं. तिनं सांगितलं, बेटावर तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईचे दिवे रात्री समोर दिसायचे, पण बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढीच वीज. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 साली. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद पडतात. मग गिऱ्हाईक नाही, आणि कुणी आजारी पडलं तर जीव टांगणीला. पिण्याचं पाणी तिथंही पावसाचंच, अडवून साठवलेलं. आत्याबाईंनी तिला विचारलं, "चौफेर पाणी असून तुमचंही आमच्यासारखंच की!" ती म्हणाली, "तुमच्याहून वाईट, आजी. तुम्हाला दिसत तरी नाही."

वर पोचलो. तिकीट मोठ्या माणसांना चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या लेकरांना नाही. पहिलंच लेणं सगळ्यात मोठं. काळ्या दगडाचा डोंगर आतून कोरून काढलेला, खांबांच्या रांगा, आणि पाठीमागच्या भिंतीत तीन मुखांचा महादेव. अठरा-वीस फूट उंच, तोही फक्त छातीपर्यंतचा. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. 1987 साली युनेस्कोनं याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुढं पोर्तुगीज आले, त्यांच्या काळात मूर्तींची मोडतोड झाली. त्यांना बंदराजवळ दगडाचा मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

आत्याबाई महादेवासमोर बसल्या त्या अर्धा तास उठल्या नाहीत. नंतर भिंतीकडेनं एकेक मूर्ती बघत निघाल्या. कैलास हलवणारा रावण दिसला तशा म्हणाल्या, "हा तर आपल्या वेरूळचा!" अर्धनारीश्वरापुढं मात्र जास्त वेळ थांबल्या. अर्धं अंग पुरुषाचं, अर्धं बाईचं. त्यांनी दोन्ही मुलांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "देवानं अर्धं अंग दिलं. तुम्ही सातबाऱ्यावर यांची नावं कधी लावता?" दोघे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर पंधरा दिवसांत थोरले तलाठ्याकडं कागद विचारून आले. अजून काम झालेलं नाही, पण सुरू झालंय.

जेवायला बसलो तेव्हा माकडांनी दशम्यांची एक चवड पळवली. तिथली माकडं सराईत आहेत. खाण्याची पिशवी उघडी हातात धरू नका. जेवणानंतर मोठी लेकरं बापांबरोबर वरच्या टेकडीवर गेली. तिथं जुन्या मोठ्या तोफा आहेत आणि खाली चारी बाजूंनी समुद्र दिसतो. आम्ही दोघी आत्याबाईंपाशी सावलीत थांबलो, मग ते आले आणि आम्ही दोघी जाऊन आलो. अशी पाळी लावली तर कुणाचंच राहत नाही.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड गेलं. गुडघ्यावर भार येतो. आत्याबाईंना पाय आडवा टाकत, एका हातानं कठडा किंवा मुलाचा खांदा धरून उतरवलं. बोट चुकली नाही. पण शेवटच्या बोटीवर विसंबू नका, एक तास आधीचीच धरा.

गाडीत त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना कळलं की दोन्ही गुडघे दोन वर्षांपासून सुजत होते. घरात कुणाला माहीत नव्हतं. परत आल्यावर दवाखान्यात दाखवलं. आता त्या खाली मांडी घालून बसत नाहीत. भाकरीसाठी ओटा केलाय, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम नात मोजून करून घेते, दहापर्यंतच.

मुंबईला जायला सगळ्यांना जमणार नाही. पण आपल्या वेरूळच्या 29 नंबरच्या लेण्याची, ज्याला सीतेची न्हाणी म्हणतात, मांडणी घारापुरीच्या लेण्याशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. श्रावणात आपण घृष्णेश्वराचं दर्शन घेतो आणि तसंच माघारी येतो. तिथवर चालत जाऊन बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा वार टाळा. आणि निघताना घरातली कोण मागं राहतेय, ते आधी बघा. तिच्या गायीला कुणाच्या गोठ्यात बांधायचं, ते गटात ठरवा.

आत्याबाई पुढच्या खेपेला तुळजापूर म्हणतायत. तिथंही पायऱ्या आहेत, हे आम्ही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोजायला पोरगी हाय ना?"