डब्याच्या सुट्टीतले प्रश्न

ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की प्रश्न सुरू होतात. पगार किती वाढला? लग्नाचं कुठवर आलं? पाळणा कधी हलणार? विचारण्यात बहुधा आपुलकीच असते. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. ‘घरी सगळं ठीक आहे’ एवढं हसून सांगावं आणि विषय बदलावा. खोटी कारणं मात्र देऊ नयेत. ती पुढे निस्तरावी लागतात. आजारपणाची कागदपत्रं थेट आस्थापना विभागातच द्यावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या बाबतीतही त्या हक्काची बूज राखू या. तो स्वतःहून सांगेल तेवढंच ऐकू या.