दागिना उलटून पाहावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी कुणी स्वयंपाकावर बोलते, कुणी आरोग्यावर. मी बोलणार आहे खोट्या दागिन्यांवर! विषय ऐकून अध्यक्षबाई हसल्याच. पण मुलीकडे न्यू जर्सीला राहत असताना मला हा नाद लागला, आणि त्याने जे शिकवले ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्याकडे खोटा दागिना म्हणजे नाइलाज. सोने परवडत नाही म्हणून घालायचा, आणि कुणी विचारले तर विषय बदलायचा. अमेरिकेत मात्र असे दागिने घडवायला नामांकित कलावंत बसले. न्यूयॉर्कच्या ट्रिफारी पेढीत १९३० साली आल्फ्रेड फिलिप आले. ते आधी खऱ्या रत्नांच्या दागिन्यांचे नमुने काढीत. तीच नजर त्यांनी काचेच्या खड्यांना लावली. १९५३ साली आयझेनहॉवर अध्यक्ष झाले, त्या वेळच्या समारंभात त्यांच्या पत्नी मेमीबाईंच्या गळ्यात याच पेढीचे खोटे मोती होते, आणि ते कुणी लपविले नाही.

हे दागिने ओळखायचे कसे? पुढून पाहून भुलू नका. दागिना उलटून पाहा, तोही भिंगातून. पाठीवर बारीक ठसा असतो. ट्रिफारीच्या ठशात पुष्कळदा 'टी' अक्षरावर मुकुट दिसतो. शेजारी 'स्टर्लिंग' असेल तर ती चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, नेहमीचे हलके धातू लढाईच्या कामी लागू लागले, म्हणून या पेढ्या चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन पिना करू लागल्या. अशी पिन बहुधा त्याच दशकातली. वर्तुळातले 'सी' अक्षर दिसले, तर दागिना बहुधा १९५५ नंतरचा. त्या साली नमुना चोरल्याबद्दल ट्रिफारीने केलेल्या दाव्यात न्यायालयाने असा दागिनाही कलाकृती ठरविला. खड्यावर पाण्यावरच्या तेलासारखे रंग खेळत असतील, तर तो १९५५-५६ च्या अलीकडचा; ऑस्ट्रियातल्या स्वारोव्स्कीने ती चकाकी त्या सुमारास काढली.

पण ठसा म्हणजे सर्व काही नव्हे. मिरियम हॅस्केल बाईंनी १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान घातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या बहुतेक दागिन्यांवर नावच नाही. तिथे काम पाहावे लागते. एकेक मणी बारीक तारेने जाळीवर बांधलेला, आणि तारा दिसू नयेत म्हणून मागे आणखी एक जाळी. उलट, मोठे नाव ठोकलेला नकली मालही पुष्कळ. नाव ठळक आणि जोड ओबडधोबड असला, की मी तो दागिना खाली ठेवते.

अज्ञानाची शिक्षाही मी भोगली आहे. एक सुंदर पिन मळलेली दिसली, म्हणून सोन्यासारखी रिठ्याच्या पाण्यात भिजत टाकली. या खड्यांच्या पाठीला चकाकीसाठी बेगडीसारखा पातळ थर असतो. पाणी आत शिरले, आणि आठ दिवसांत खडे काळे पडले. तेव्हा भिजवू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, तेवढे पुरे.

आता एकच प्रसंग सांगते. लेकीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. घर आवरायला काढले, म्हणून त्यांनी जुन्या वस्तू अंगणात विकायला मांडल्या होत्या. त्यातली एक फुलाची पिन मी दोन डॉलरला घेतली. घरी येऊन भिंग लावले, तो मुकुट आणि 'स्टर्लिंग'! तिची किंमत कितीतरी पट होती. आनंद ओसरल्यावर मनाला टोचू लागले, की त्या बाईंना हे ठाऊक नाही. लेक म्हणाली, "अगं आई, तू काही चोरी केली नाहीस." तिचेही खरेच होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिन आणि भिंग घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी ठसा पाहिला, मी चांदीची हकीकत सांगितली. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही माझ्या आईची. वडील लढाईवर असताना ती कारखान्यात जाई. पहिल्या पगारातून चांदीची पिन घेतली, असे ती सांगायची. आम्हा मुलांना ती थापच वाटे." त्यांनी माझे दोन डॉलर परत केले आणि पिन नातीसाठी ठेवून घेतली.

माझ्या संग्रहात ती पिन नाही, पण मला सगळ्यात जास्त आठवते ती तीच. भगिनींनो, आपल्या डब्यांतही आई-आजीच्या काही वस्तू "खोट्या" म्हणून पडून असतील. मोडीत टाकण्यापूर्वी एकदा उलटून पाहा, आणि घरात कुणी सांगणारे असेल तर विचारूनही घ्या. त्यांची किंमत काय, हे मागाहून. त्या कुणी, केव्हा, कशातून घेतल्या, हे आधी.