पंचगंगेकांठचा उन्हाळा

चैत्र सरत आला कीं कोल्हापुरांत उन्हाच्या तक्रारीला आरंभ होतो. दुपारीं रस्ते ओस पडतात, माठांतील पाणी पुरेनासें होतें, आणि जो तो वळवाची वाट पाहत आकाशाकडे डोळे लावून बसतो. परंतु श्रोतेहो, याच शहरापासून चार-पांच मैलांवर, पंचगंगेच्या परिसरांत वळिवडें येथें, एके काळीं सुमारें पांच हजार माणसें अशीं राहत होतीं कीं, त्यांतील पुष्कळांना हें ऊन म्हणजे परमेश्वराचा प्रसाद वाटे. तीं माणसें पोलंड देशाचीं. १९४३ पासून १९४८ पर्यंत तीं कोल्हापूरच्या शेजारास राहिलीं.

उन्हाचें हें मोल कळावयाचें तर अगोदर थंडी समजून घेतली पाहिजे. १९३९ च्या सप्टेंबरांत पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून रशियानें पोलंडवर स्वारी केली आणि तो देश उभयतांनीं वांटून घेतला. पुढें १० फेब्रुवारी १९४० रोजीं, ऐन हिवाळ्यांत, रात्रीं-पहाटें पूर्व पोलंडांतील हजारों घरांचीं दारें ठोठावलीं गेलीं. हातीं लागेल तें बांधण्यास थोडा अवधि मिळाला. नंतर मालगाडीच्या डब्यांत कोंबून माणसें उत्तर रशियाच्या व सैबेरियाच्या अरण्यांकडे रवाना झालीं. त्या एका फेरींत सुमारें १,४०,००० माणसें नेलीं गेलीं, आणि अशा चार फेऱ्या झाल्या. पारा शून्याखालीं चाळीस अंशांपर्यंत उतरे अशा प्रदेशांत स्त्रियांनाहि लांकूडतोडीस जावें लागे. काम होईल त्या मानानें भाकरी मिळे. थंडीनें, रोगानें व उपासमारीनें किती घरें रिकामीं झालीं!

१९४१ मध्यें जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हां या बंदिवानांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांनीं त्यांतून सैन्य उभारलें, आणि १९४२ मध्यें सैनिक व त्यांचीं बायकामुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. त्याच वर्षीं जामनगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें शेंकडों पोलिश मुलांना आश्रय दिला. आणि मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानांत, वळिवड्यास. तेथें शाळा झाल्या, देऊळ झालें, इस्पितळ झालें, बालवीरांचीं पथकें झालीं. वस्तींत बहुतेक स्त्रिया आणि मुलेंच होतीं. कर्ते पुरुष युद्धावर.

अशा वस्तींतील एक घर, अनेकांच्या अनुभवांवरून, डोळ्यांपुढें आणावें. घरांत आई, बारा वर्षांची मुलगी व आठ वर्षांचा मुलगा. बाप सैन्यांत. सर्वांत धाकटें मूल सैबेरियाच्या मातींत राहिलेलें. त्याची खूण म्हणजे आईच्या पेटींतील एक झबलें. लांब बराकींतील दोन खोल्या, तट्ट्यांच्या भिंती, वर कौलें, पुढें पडवी, एवढाच संसार.

प्रथम प्रथम आईचा या सुखावर विश्वासच बसेना. रोज पावाचा एक तुकडा ती उशाखालीं लपवून ठेवी. मुलगा अनवाणी नदीकडे धांवला कीं तिचा जीव दचके. कारण जेथून ती आली तेथें अनवाणी पाय म्हणजे मरण. मग तिला आठवे कीं, या भूमींत पाय भाजतील, पण गोठणार नाहींत.

१९४४ चा उन्हाळा आला. त्यांचा ईस्टरचा सण आपल्या चैत्राच्या आगेंमागेंच येतो. आईनें अंडीं रंगविलीं, रजया व लोकरी कपडे उन्हांत घातले आणि पडवीपुढें फुलांचें बीं पेरलें. शेजारीण म्हणाली, “चार दिवसांच्या मुक्कामाला बाग कशाला?” आई म्हणाली, “चार दिवस तरी फुलें पाहूं.” त्या दिवसापासून उशाखालचा पाव बंद झाला. मुलें फेरीवाल्यांशीं मोडक्यातोडक्या मराठींत भाव करूं लागलीं. आंबा कसा खावा, हें मुलानें मराठी मुलांकडून शिकून घेतलें आणि आईला शिकविलें.

त्याच वेळीं इटलींत माँते कासीनोच्या टेंकडीवर घनघोर लढाई चालली होती. १८ मे १९४४ रोजीं पोलिश सैनिकांनीं तेथें आपलें निशाण लावलें. बातमी वळिवड्यास पोंचली तेव्हां आनंद झाला, परंतु घरोघर एकच प्रश्न उभा राहिला : आपलें माणूस आहे कीं नाहीं? मुलांचा तर पन्हाळ्याला जाण्याचा बेत ठरलेला. आईला वाटलें, त्यांना घरींच ठेवावें. मग तिनें विचार केला कीं, वाईट वार्ता यावयाचीच असेल, तर ती आल्यावर दुःख करावयाचें आहेच. तोंपर्यंत मुलांना डोंगर पाहूं द्यावा. मुलें गेलीं, बुरुजांवरून हिंडलीं, करवंदांनीं ओंठ काळे करून परत आलीं. आई मात्र रोज डांकेची वाट पाहत पडवींत बसून राही.

मृगाच्या सरींबरोबर पत्र आलें. बाप जखमी होता, पण जिवंत होता. शेजारणीच्या घरीं मात्र परक्या अक्षरांतील कागद आला. त्या सायंकाळीं आईनें बागेंतील पहिलीं फुलें तोडलीं आणि तीं तिच्या दारीं नेऊन ठेवलीं.

युद्ध संपलें, तरी घरची वाट उघडली नाहीं. १९४५ च्या याल्टा परिषदेंत पूर्व पोलंड रशियाकडेच राहावा असें ठरलें. ज्या गांवीं परतावयाचें, त्या गांवाचा देशच बदलला! पुढें हीं कुटुंबें इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशीं पांगलीं. कांहीं पोलंडला परतलीं. १९४८ मध्यें वसाहत उठली. फाळणीनें निर्वासित झालेले सिंधी बांधव तेथें येऊन राहिले आणि आजचें गांधीनगर वसलें. एका उजाडलेल्या घरट्यांत दुसऱ्या उजाडलेल्यांना निवारा मिळाला.

सप्टेंबर २०१९ मध्यें त्या वसाहतींत वाढलेलीं कांहीं मुलें, आतां वयोवृद्ध होऊन, वळिवड्यास आलीं. त्या वेळीं तेथें स्मारकाचें अनावरण झालें. वॉर्सा शहरींहि कोल्हापूरचें नांव कोरलेलें स्मारक आहे, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजीं भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पें वाहिलीं. आश्रय देणारा विसरला, तरी घेणारा विसरत नाहीं, याची ही साक्ष.

यापुढें वैशाखाचें ऊन अंगाला झोंबलें, म्हणजे त्या पडवींतील बागेचें स्मरण करावें. उद्यांची शाश्वती नसतांना त्या माउलीनें बीं पेरलें, मुलांना डोंगरावर धाडलें, आणि स्वतःची काळजी स्वतःपाशींच ठेवली. घरोघरच्या आयांना हें नवें नाहीं. देश परका असला तरी रीत ओळखीची आहे.