बत्तिसांतला एक



आमच्या हिंगोली जिल्ह्यात निवडणूक आली की बहुतेक उमेदवार ‘मी शेतकऱ्याचा मुलगा’ अशीच सुरुवात करतात. कयाधूकाठी हळद, सोयाबीन पिकवणारी मंडळी ते ऐकून घेतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात. अशा वेळी मला जोतीराव फुले आठवतात. समाजसुधारक जोतीराव आपल्याला पाठ आहेत. पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव मात्र फारसे कुणी सांगत नाही.

माळ्याचा हा मुलगा. लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदरावांनी त्याची शाळा सोडवली आणि त्याला मळ्यात कामाला लावले. तो तिथेच राहायचा. पण शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली आणि 1841 मध्ये पोरगा पुन्हा शाळेत बसला. गफ्फार बेगांचे नाव इतिहासात एवढ्या एका ओळीपुरतेच येते. मला त्यांच्याविषयी जरा जास्तच माया वाटते, हे लपवत नाही.

पुढे जोतीरावांनी मांजरीला बागाईत शेती केली, बांधकामाची कंत्राटे घेतली. 1876 मध्ये त्यांची नगरपालिकेवर नेमणूक झाली. निवडणूक नव्हे, नेमणूक. अशा माणसाने सरकारची मर्जी राखावी, ही तेव्हाची रीत. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. शहर सजवायला एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. सभासद बत्तीस. विरोधात मत पडले एकच, त्यांचे! पैसे अर्थातच मंजूर झाले. मंडईची भव्य इमारत उभारण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. गंमत पाहा, पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले.

‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी 1883 मध्ये पुरा केला. त्यात नुसता संताप नाही, हिशेबही आहे. पावसाबरोबर शेतातली कसदार माती वाहून जाते, म्हणून ताली-बंधारे घाला, तळी बांधा आणि ही कामे रिकाम्या फौजेकडून करून घ्या, असे ते सुचवतात. त्या काळी आमच्या हिंगोलीला फौजेची मोठी छावणी होती. तिथल्या साहेबाने तेवढे पान वाचले असते, तर आमच्या माळरानावर चार बंधारे तरी जास्त दिसले असते.

2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांना हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जडजवाहीर ल्यालेल्या पाहुण्यांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात येऊन बसले. मग उभे राहून त्यांनी राणीच्या या मुलाला ऐकवले, की इथल्या थाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका. खेड्यात जा, तिथली माणसे पाहा आणि काय दिसले ते आईसाहेबांना सांगा.