दलाल आणि घराचा तपासनीस : सहकार्य हवे, मिंधेपण नको
(भाषणाचा मजकूर)



घर घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार होय. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, मोडलेले दागिने आणि वीस-वीस वर्षांचे कर्ज यांतून ते उभे राहते. या व्यवहारात खरेदीदाराला दोन माणसांवर विसंबावे लागते. एक, घर दाखवून सौदा जुळवणारा दलाल आणि दुसरा, घराची अवस्था तपासून सांगणारा तज्ज्ञ. या दोघांचे परस्परसंबंध जितके स्वच्छ, तितका खरेदीदार सुरक्षित.

दोघांच्या मोबदल्याची रीत मुळातच भिन्न आहे. दलाली सौदा पुरा झाल्यावरच हाती पडते. तपासनिसाचे शुल्क मात्र सौदा होवो वा मोडो, त्याने केलेल्या कामाचे असते. म्हणूनच त्याला निर्भीडपणे लिहिता येते. परंतु त्याची बहुतेक कामे एकाच दलालाच्या शिफारशीने येऊ लागली, की हा निर्भीडपणा टिकणे कठीण होते. 'खांबातील लोखंड गंजले आहे' असे लिहावयाच्या जागी 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' असे शब्द उतरतात. यात लाच दिली-घेतली जातेच असे नाही. पुढचे काम तुटेल या धास्तीनेच लेखणी मवाळ होते.

अमेरिकेत गृहनिरीक्षण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. तेथे १९७६ साली स्थापन झालेल्या गृहनिरीक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेने, कामे मिळावीत म्हणून दलालांना मोबदला देण्यास आपल्या आचारसंहितेत मनाई केली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००१ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. विक्रेत्याच्या दलालाने एखाद्या ठराविक निरीक्षकाचे नाव सुचवू नये, परवानाधारकांची संपूर्ण यादी द्यावी, असा तेथील दंडक आहे.

तथापि निरीक्षक आहे म्हणून दलालाची जबाबदारी संपत नाही. कॅलिफोर्नियातील एका खटल्यात १९८४ साली हे स्पष्ट झाले. भराव नीट न दाबता बांधलेल्या घराची जमीन खचली होती. उतारावर लावलेली जाळी आणि असमान फरशी या खुणा दलालांच्या नजरेस पडल्या होत्या. तरीही जमिनीची तपासणी करून घेण्याचे त्यांनी सुचवले नव्हते. डोळ्यांना दिसण्याजोगे दोष वाजवी काळजीने पाहणे आणि खरेदीदाराला सांगणे हे दलालाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले.

महाराष्ट्रात गृहनिरीक्षक हा वेगळा व्यवसाय म्हणून अद्याप रुजलेला नाही. हे काम स्थापत्य वा संरचना अभियंता करतो. दलालांवर मात्र स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने बंधने घातली आहेत. नोंदणीयोग्य प्रकल्पांतील घरांच्या विक्रीत मध्यस्थी करण्यासाठी दलालाची नोंदणी आवश्यक आहे, तसेच दिशाभूल करणारी विधाने करण्यास त्याला मनाई आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष दाखवून दिल्यास प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. जुन्या घराच्या फेरविक्रीत मात्र असे कवच सहसा नसते. तेथे आगाऊ तपासणी हाच खरा आधार.

येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. कर्ज देताना बँकेचा मूल्यांकक घर पाहून जातो, तेवढ्यावर अनेक जण निश्चिंत होतात. परंतु मूल्यांकक बँकेसाठी काम करतो. दिलेले कर्ज वसूल होण्याइतकी त्या मालमत्तेची किंमत आहे काय, एवढेच त्याला प्रामुख्याने पाहावयाचे असते. गच्चीतून पाणी झिरपते काय, स्नानगृहाखालच्या स्लॅबचे पोपडे का सुटले, याचा सविस्तर शोध घेणे हे त्याचे काम नव्हे.

यास्तव खरेदीदाराने काही पथ्ये पाळावीत. अभियंता स्वतः निवडावा. दलालाने नाव सुचवल्यास किमान तीन नावे मागावीत आणि त्यांच्यात आर्थिक देवघेव आहे काय, हे सरळ विचारावे. शुल्क स्वतः द्यावे व अहवाल लेखी, थेट आपल्या हाती घ्यावा. तपासणी विसारापूर्वी करावी. ते शक्य नसल्यास गंभीर दोष आढळल्यास विसार परत मिळेल, अशी अट करारात लिहून घ्यावी. इमारत जुनी असेल, तर गृहनिर्माण संस्थेकडे संरचना तपासणीचा अहवाल मागावा.

दलालानेही यात आपले नुकसान मानू नये. घराची चावी वेळेवर मिळवून देणे, जुने नकाशे व दुरुस्तीची कागदपत्रे उपलब्ध करणे, गच्ची व पाण्याची टाकी उघडून दाखवणे हे त्याचे सहकार्य तपासणीला मोलाचे ठरते. अहवालात काय लिहावे, हे मात्र त्याने सांगू नये. दोष उघड झाल्याने एखादा सौदा मोडेल; कधी किंमत उतरून तोच सौदा जुळेलही. पण फसलेला खरेदीदार दहा जणांना सावध करतो, तर समाधानी खरेदीदार पुढचे गिऱ्हाईक घेऊन येतो. गावोगावी आणि शहरोशहरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा व्यवसाय अखेर शब्दाच्या पतीवरच उभा आहे.