प्रसादाला उजवा हात
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षे काढली, एवढेच. तरी आज उपचारांवर बोलतो आहोत, कारण हा विषय आमच्या घरात आला.

आमच्या पुतण्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी. त्याची उजवी मूठ मिटलेली असे. प्रसादाला तो डावा हात पुढे करी आणि आजी रागवे. "मोठा झाला की होईल सरळ," म्हणत आम्ही तीन वर्षे घालवली. लहान वयात मेंदू नव्या वाटा लवकर शिकतो. नेमकी तीच वर्षे गेली. चूक आमची.

पुढे कलबुर्गीला व्यायाम सुरू झाला. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची. मुलगा कंटाळून रडे. आळंद तालुक्यातल्या गावाहून रोज येणे-जाणेही जमेना. तेव्हा थेरपिस्ट ताईंनी टॅबलेटवर एक खेळ दाखवला. याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. कॅमेऱ्यातून पडद्यावर आपलीच खोली, आपलाच मुलगा दिसतो आणि शेजारी हवेत तरंगणारे फळ. हात उंचावून ते गाठले की घंटा वाजते. २०१६ साली पोकेमॉन गो खेळत मुले रस्त्यांवर फिरत होती, त्याच जातीचे हे तंत्र. फळ किती उंच ठेवायचे ते मुलाच्या ताकदीप्रमाणे ताई ठरवतात. पाच वेळा हात उचलताना रडणारा मुलगा आता "अजून एकदा" म्हणतो.

पण हा खेळ थेरपिस्टच्या जागी चालत नाही. मूल हात न उचलता अंग वाकवून फळ गाठू पाहते. ते ओळखायला जाणती नजर लागते. शिवाय खेळातल्या सूचना इंग्रजीत. पुतण्या घरी मराठी, गल्लीत कन्नड बोलतो. म्हणून वहिनी शेजारी बसून "वर, अजून वर" सांगतात. आपल्या मंडळातल्या संगणक शिकलेल्या मुलांनी अशा सूचना दोन्ही भाषांत करून दिल्या, तर मोठे काम होईल.

यंत्र नंतर, आधी मूल वेळेवर दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. त्या दिवशी लाजेपोटी मूल घरी ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मान्य आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे.

परवा आरतीनंतर पुतण्याने उजवा हात पुढे केला. मूठ अर्धीच उघडली. आजीने ठेवलेला मोदक खाली पडला. आजी रागावली नाही, तिने दुसरा ठेवला.